विकत कोण घेणार, ते आधी सांगा

गावाकडच्या एखाद-दीड एकराच्या तुकड्याचं काय करावं, हा विषय निघाला की माणसं लगेच दोन फळ्यांत वाटली जातात. एक फळी यादीवाल्यांची. केशर, अळंबी, औषधी वनस्पती, चंदन, शोभेचे मासे, तंबू ठोकून पर्यटन, आणि प्रत्येकापुढे एकरी उत्पन्नाचा डोळे दिपवणारा आकडा. दुसरी फळी विकून टाका म्हणणाऱ्यांची. एवढ्याशा जमिनीवरची शेती ही हौस आहे, मोठ्या शेजाऱ्याला देऊन टाका, पैसे बँकेत ठेवा आणि मोकळे व्हा, असं त्यांचं म्हणणं. दोघं एकमेकांवर तुटून पडतात, पण एका बाबतीत त्यांचं पूर्ण एकमत असतं: जमिनीची कमाई तिच्यातून काय उगवतं यावर ठरते. छोट्या तुकड्याला नेमकं हेच लागू पडत नाही, असं माझं मत आहे. त्याची कमाई बहुतेक वेळा कुंपणाबाहेरच्या गोष्टींवर ठरते. ग्राहक किती जवळ आहे, आसपास कोणाचा कचरा फुकट मिळतो, राबणाऱ्याच्या तासाची किंमत काय आणि शेजारी मिळून काय उभं करू शकतात, यावर. 'काय लावू?' हा प्रश्न शेवटचा आहे. पहिला प्रश्न, विकत कोण घेणार? आणि घेणारा ते वापरणार आहे, की तोही पुढच्याला विकायलाच घेतोय?

या दुसऱ्या प्रश्नाची किंमत अमेरिकेने १८३०च्या दशकात मोजली. मोरस मल्टिकॉलिस नावाची तुतीची एक जात तिथे आली. पानं मोठी, वाढ झपाट्याची आणि फांदी तोडून मातीत खोचली तरी रुजणारी. रेशीम तेव्हा बाहेरून आयात व्हायचं, ते घरच्या घरी तयार करावं म्हणून अनेक राज्यांनी रेशमावर बक्षिसं लावली. परसातल्या तुकड्यावर चार-दोन वाफे तुती लावायची, पोरं-बायका घरात किडे पाळतील, असं चित्र रंगवलं गेलं. कागदावर ते बिनचूकही होतं. पण रेशमाला वेळ लागतो, कौशल्य लागतं, आणि किड्यांना दिवसातून अनेकदा ताजी पानं खुडून घालावी लागतात. रोप विकायला यातलं काहीच लागत नाही. त्यामुळे लवकरच रेशीम बाजूला पडलं आणि लोक एकमेकांना रोपंच विकू लागले. ज्याने गेल्या वर्षी शंभर फांद्या लावल्या तो यंदा हजार विकू शकत होता, आणि घेणाराही पुढच्या वर्षी विकण्यासाठीच घेत होता. काही पैशांचं रोप डॉलरच्या पुढे गेलं. १८३९मध्ये गिऱ्हाईक संपलं. दोष झाडाचा नव्हता, तुती उत्तम वाढत होती. वाईट इतकंच झालं की सगळ्यांकडे तुती झाली आणि ती हवी असलेला माणूस शिल्लक राहिला नाही. उभ्या बागा उपटून जाळल्या गेल्या.

ही गोष्ट जुनी आहे म्हणून सोडून देता येत नाही, कारण तिची नक्कल पुन्हा पुन्हा झाली. १९९०च्या दशकात अमेरिकेत इमू पक्ष्यांच्या जोड्या हजारो डॉलरना विकल्या गेल्या. घेणारे बहुतेक जण खाणारे नव्हते, अंडी उबवून पुढच्याला जोडी विकणारे होते. दशक संपता संपता खाद्य परवडेना म्हणून लोकांनी पक्षी मोकाट सोडून दिले. तोच पक्षी नंतर आपल्याकडे 'पिल्लं आम्ही देतो, वाढलेले पक्षी आम्हीच घेतो' अशा बायबॅकच्या करारासकट आला, आणि २०१२ साली तमिळनाडूतल्या पेरुंदुराईच्या इमू कंपनीचा डोलारा कोसळला तेव्हा हजारो लोकांच्या ठेवी अडकल्या. करारात खरेदीची हमी होती. मग खरेदी करणारा कोणाला विकणार होता? हा प्रश्न विचारायला कोणताही कृषितज्ज्ञ लागत नाही. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे तो विचारावा. जिथे रोप, बियाणं, पिल्लू किंवा प्रशिक्षण विकणाऱ्याचा नफा आज पक्का आहे आणि पीक घेणाऱ्याचा नफा तीन वर्षांनी येणार आहे, तिथे खरा ग्राहक कोण आहे? आपणच.

अर्थात खरा वापरणारा ग्राहक असला म्हणजे सगळं निर्धोक झालं असंही नाही. दक्षिण आफ्रिकेत औट्सहूर्नच्या शहामृगांची पिसं युरोपातल्या बायका खरोखरच टोप्यांवर मिरवत होत्या. १९१३मध्ये सोनं, हिरे आणि लोकर यांच्यानंतर त्या देशाच्या निर्यातीत पिसांचा नंबर लागत होता. पैसेवाल्या पाळकांनी पिसांवर महाल बांधले, ते आजही उभे आहेत. मग मोटारी आल्या, आणि उघड्या मोटारीत पिसांची अवाढव्य टोपी घालून बसता येत नाही. फॅशन पालटली, त्यात १९१४चं महायुद्ध. म्हणून दुसरी चाचणी परत फिरण्याची: हा बेत फसला तर जमीन पुन्हा साध्या पिकाखाली आणायला किती खर्च आणि किती वर्षं? भाजीचा वाफा चार महिन्यांत मोडता येतो. लाकडाचं झाड पंधरा वर्षांनी सांगतं की चुकलं. कॅलिफोर्नियात १९०७च्या सुमारास कठीण लाकडाचा दुष्काळ पडणार अशी भाकितं निघाली आणि लोकांनी निलगिरीची रानं उठवली. झाडं वाढली, पण कोवळ्या निलगिरीचं लाकूड वाळताना पिळवटतं आणि तडकतं. ऑस्ट्रेलियातलं नावाजलेलं लाकूड जुन्या, दांडग्या झाडांचं होतं, हे कोणी विचारलंच नव्हतं.

यादीवाल्यांचा यावरचा प्रतिवाद कच्चा नाही. ते म्हणतात, असा विचार करत बसलं तर नवं पीक कधी येणारच नाही, पहिल्याने धोका पत्करला म्हणूनच मागच्यांची वाट झाली. खरं आहे. किवी हे फळच बघा. १९०४मध्ये इझाबेल फ्रेझर नावाच्या शिक्षिकेने चीनमधून त्याचं बी न्यूझीलंडला नेलं. पन्नासएक वर्षांपूर्वीपर्यंत जगातल्या बहुतेकांनी न पाहिलेलं हे फळ आज त्या देशाची ओळख आहे, आणि ते पिकवणाऱ्या कित्येक बागा छोट्या आहेत. पण वर्षं मोजा. बी १९०४चं, पहिली फळं १९१०च्या सुमाराची, टिकाऊ आणि मोठ्या फळाची हेवर्ड जात त्यानंतरची. परदेशी माल रवाना झाला १९५२मध्ये, आणि 'चायनीज गूझबेरी' हे नाव टाकून 'किवीफ्रूट' हे नाव ठेवलं गेलं १९५९मध्ये. अर्धं शतक. या काळात हौशी बागाईतदारांनी, रोपवाटिकावाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी ज्या चुका केल्या त्यांचा खर्च त्यांच्या दुसऱ्या उत्पन्नातून निघत होता. शिवाय १९८०च्या दशकात लागवड भरमसाट झाली, भाव पडले, तेव्हा तरायला उत्पादकांना एकाच संस्थेमार्फत निर्यात करण्याची व्यवस्था उभारावी लागली. नव्या पिकाला माझा विरोध नाही. ज्याच्याकडे दीड एकर आहे आणि घर त्यावरच चालतं, त्याला प्रयोगशाळा बनवायला आहे. प्रयोग करायचा तर बांधालगतच्या चार गुंठ्यांत करावा, आणि कर्ज काढून तर मुळीच करू नये.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे, आणि तो विकावाल्यांच्या विरोधात जातो. छोटं शेत एकरी जास्त पिकवतं, हे निरीक्षण जुनं आणि भक्कम आहे. क्रांतीच्या आधी आणि नंतरच्या रशियात अलेक्झांडर चायानोव्ह या अर्थशास्त्रज्ञाने शेतकरी कुटुंबांच्या हिशेबांचा अभ्यास केला होता. आपल्याकडे १९६२ साली अमर्त्य सेन यांनी शेती-व्यवस्थापनाच्या पाहण्या तपासून हेच दाखवलं की शेताचा आकार वाढतो तसं एकरी उत्पादन घटतं. इथपर्यंत यादीवाले खुशीत असतात. पण कारण ऐका. कुटुंब आपल्या श्रमाला बाजारभावाने मोजत नाही. मजूर लावणारा मोठा शेतकरी जिथे थांबतो, तिथून पुढे घरची माणसं राबत राहतात, कारण त्या जादा तासाला दुसरीकडे कोणी काही देणार नसतं. चायानोव्हने याला कुटुंबाने स्वतःचंच केलेलं शोषण म्हटलं. (स्टालिनच्या काळात १९३०मध्ये त्याला अटक झाली आणि १९३७मध्ये गोळी घातली गेली. छोट्या शेतीबद्दल खरं बोलणं एकेकाळी इतकं महाग होतं.) म्हणजे एकरी उत्पन्नाचा जो आकडा यादीत चमकतो, त्यात माणसाचे तास फुकट धरलेले असतात. केशर घ्या. एक किलो सुकं केशर निघायला साधारण दीड लाख फुलं लागतात. प्रत्येक फूल हाताने खुडायचं, तेही उमलल्या दिवशीच, आणि मग त्यातले तीन लाल तंतू बोटांनी वेगळे करायचे. केशर महाग आहे ते त्या बोटांमुळे, जमीन त्यात नावापुरती. तो भाव पाहून 'माझ्या एकरात एवढे लाख' असं म्हणणारा माणूस ती बोटं कोणाची, हे सांगत नाही. एकरी किती हे विचारायचं सोडून तासाला किती हे विचारलं, की निम्मी यादी आपोआप गळते.

मग विकावाले बरोबर आहेत का? त्यांचं गणित मला मान्य आहे, जोवर दोघंही एकच पीक घेताहेत तोवर. ट्रॅक्टर, साठवण, वाहतूक, कागदपत्रं यांचा खर्च शंभर एकरांवर वाटला जातो तसा एका एकरावर वाटला जात नाही. धान्याच्या स्पर्धेत एक एकर हरणार, यात वाद नाही. पण एक एकराने त्या स्पर्धेत उतरावंच कशाला? योहान हाइनरिश फॉन थ्युनेन या जर्मन जमीनदाराने १८२६मध्ये एक साधी मांडणी केली. मोकळ्या सपाट मुलखात मधोमध एक शहर आहे असं धरा. शहराला लागून भाजी आणि दूध, त्याच्या पलीकडे जळणाचं रान, मग धान्य, आणि सर्वांत लांब स्वतःच्या पायांनी चालत येणारी गुरं, अशी वर्तुळं आपोआप पडतात. माती सगळीकडे सारखीच, फरक फक्त नेण्याच्या खर्चाचा आणि नासण्याच्या वेगाचा. पुढे रेल्वेने आणि बर्फाच्या गाड्यांनी ही वर्तुळं विस्कटली. दूध शेकडो किलोमीटर जाऊ लागलं आणि 'जवळ असणं' निरर्थक ठरलं, असं वाटू लागलं. ते पूर्ण खरं नाही. सकाळी खुडलेला आणि दुपारी कोमेजणारा पाला, कुंडीतलं ओलं रोप आणि सुट्टीच्या दिवशी मोकळी हवा खायला निघालेला माणूस, यांना आजही फार लांब नेता येत नाही. छोट्या तुकड्याची ताकद इथे आहे. शहरापासून तासाभराच्या आतला एक एकर आणि दहा तासांवरचा एक एकर यांना एकच यादी वाटणं हा शुद्ध निष्काळजीपणा आहे.

जवळ असण्याचं सोनं कसं होतं, हे एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसच्या भाजीवाल्या माळ्यांइतकं नीट कोणी दाखवलं असेल असं मला वाटत नाही. शहराच्या कडेला भिंतींनी वेढलेले त्यांचे एकेक-दोन एकरांचे मळे असत. शहरात हजारो घोडे, आणि घोड्यांची लीद ही तबेलेवाल्यांची डोकेदुखी. पहाटे भाजी घेऊन गेलेली गाडी परतताना लीद भरून येई. ऐन थंडीत ताज्या लिदीचा जाड थर दाबून बसवायचा, त्यावर कुजलेल्या खताची काळीभोर माती पसरायची. खालची लीद आंबताना तापते आणि वरच्या मुळांना ऊब देते. प्रत्येक वाफ्यावर काचेच्या घंटा ओळीने उपड्या घातलेल्या, एकेका घंटेखाली तीन-चार सॅलडची रोपं. दिवस वर आला की माळी ओळीतून फिरत प्रत्येक घंटेची एक कड उचलून तिला खाचा पाडलेल्या काठीचा टेकू देई. ऊन जास्त असेल तर वरची खाच, कमी असेल तर खालची, आणि सूर्य कलायच्या आत सगळ्या घंटा पुन्हा बंद. एका मळ्यात अशा हजारो घंटा. बाहेर बर्फ पडत असताना हिरवा पाला बाजारात जाई आणि त्याला भावही तसाच मिळे. वर्षानुवर्षं लीद घालून त्यांनी माती इतकी कसदार केली होती की भाडेकरारात अट असे: मळा सोडताना माळी अमुक खोलीपर्यंतची माती खणून सोबत नेऊ शकतो. म्हणजे जमीन मालकाची आणि माती माळ्याची. 'छोट्या जमिनीची किंमत' या विषयावरच्या तमाम चर्चेपेक्षा मला ही एक अट जास्त शिकवते. आणि तो धंदा का बसला? बाजार होताच, माणसंही तयार होती. पण मोटारींनी घोडे घालवले, लीद महागली, शहर वाढत मळ्यांवर आलं. कुंपणाबाहेरून आलेली कमाई कुंपणाबाहेरच्या बदलाने गेली.

आज घोड्याच्या लिदीच्या जागी काय आहे, हे ज्याचं त्याने आपापल्या परिसरात शोधायचं. लाकडाच्या वखारीचा भुसा असेल, हॉटेलांचा ओला कचरा असेल, एखाद्या कारखान्याचं गरम पाणी असेल. काही उद्योग तर असे आहेत की त्यांना आपली जमीन जेमतेमच लागते. मधमाशी सहज तीन किलोमीटरपर्यंत चरायला जाते. तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे जवळपास सात हजार एकर, आणि आपली जागा फक्त पेट्या ठेवण्यापुरती. अर्थात आसपास फुलोरा नसेल किंवा शेजारी अवेळी फवारण्या करत असतील तर त्या सात हजार एकरांचा काही उपयोग नाही. अळंबीला छप्पर हवं, शेत नाही. रोपवाटिकेत एका गुंठ्यात हजारो पिशव्या बसतात, पण रोज पाणी घालणारा माणूस तिथेच राहणारा लागतो. सौर पॅनेलसाठी जमीन भाड्याने देण्याचं खूळ सध्या आहे. एका मेगावॉटला साधारण चार-पाच एकर लागतात, तेव्हा एकट्या एकराला कंपनी दारात उभं करत नाही. विजेचं उपकेंद्र शेजारी असेल किंवा चार बांधकरी एकत्र आले तर गोष्ट वेगळी.

एकत्र येणं म्हटलं की लोक नाक मुरडतात, आणि सहकाराचे अनुभव पाहता त्यांना दोष देता येत नाही. तरीही छोट्या जमिनींनी सपाटून कमाई केल्याचं सर्वांत मोठं उदाहरण सहकाराचंच आहे. १८७०च्या दशकात अमेरिकेचं स्वस्त धान्य युरोपात ओतलं गेलं आणि डेन्मार्कचा धान्य-शेतकरी उघड्यावर आला. आजच्या भाषेत तो 'पर्यायी वापर' शोधत होता. त्याला सापडलेला पर्याय काही अनोखा नव्हता: गाय. फरक पाडला तो आधी यंत्राने आणि मग संस्थेने. दुधातून साय वेगळी करणारं फिरतं यंत्र १८७८च्या सुमारास आलं, पण ते एकट्या दोन गायीवाल्याला परवडणारं नव्हतं. १८८२मध्ये येडिंग नावाच्या खेड्यात शेतकऱ्यांनी मिळून डेअरी काढली. सगळ्यांचं दूध एकत्र, नफा दुधाच्या प्रमाणात आणि मत मात्र माणशी एक, गायी दोन असोत की पन्नास. साय काढलेलं दूध शेतकऱ्याकडे परत जाई, त्यावर डुकरं पोसली जात, आणि १८८७मध्ये हॉर्सेन्सला मांस प्रक्रियेचा कारखानाही सहकारीच निघाला. ब्रिटनच्या न्याहारीत डॅनिश लोणी आणि बेकन गेलं ते असं. आणंदला १९४६मध्ये सुरू झालेली आपल्याकडची गोष्ट याच घराण्यातली. दोन्हीकडे पीक कोणतं, याला फारसं महत्त्व नव्हतं. रोजचं दूध मोजून घेणारं, दर्जा तपासणारं आणि ठरल्या दिवशी पैसे देणारं कोणीतरी होतं.

म्हणूनच सरकारी पैसा रोपांवर आणि पॉलिहाऊसच्या सांगाड्यांवर अनुदान म्हणून ओतला जातो तेव्हा मला ती जुनी रेशमाची बक्षिसं आठवतात. अनुदान लावण्याला मिळतं, विकण्याला मिळत नाही. मग लोक लावतात. त्याऐवजी तोच पैसा सामाईक शीतगृहात, माल तपासणाऱ्या छोट्या प्रयोगशाळेत, पावसाळ्यातही गाडी जाईल अशा रस्त्यात घातला तर कोण काय लावतो याची चिंता सरकारने करायचं कारण उरणार नाही. नियमांचंही तसंच. शेतावर पिकलेलं शेतावरच विकायला, दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला, जुन्या गोठ्यात सुतारकाम सुरू करायला जिथे पाच परवाने लागतात, तिथे पर्यायी उत्पन्नाच्या गप्पा मारण्यात काय हशील? शेतजमीन गिळली जाईल, ही भीती खोटी नाही. शेतीच्या नावाखाली बंगले उभे राहिलेले सगळ्यांनी पाहिलेत. पण त्यावर उपाय बांधकामाच्या क्षेत्रफळाला मर्यादा घालणं हा आहे, वापरालाच कुलूप लावणं नाही.

राहता राहिला तो मालक, जो शहरात नोकरी करतो, महिन्यातून एकदा गावी जातो आणि तरीही तुकड्यातून काहीतरी निघावं असं म्हणतो. त्याला यादीवाले हमखास गाठतात, कारण त्याच्याकडे पैसा असतो आणि वेळ नसतो. सौर पॅनेल सोडले तर वर सांगितलेला एकही उद्योग त्याच्यासाठी नाही. लिदीच्या वाफ्यांपासून रोपवाटिकेपर्यंत प्रत्येकाला दिवसातून दोनदा फिरणारा माणूस लागतो. त्याने जमीन शेजारच्या कसणाऱ्याला खंडाने द्यावी, करार लेखी करावा, मुदत एक वर्षाची न ठेवता पाच-सात वर्षांची ठेवावी, म्हणजे कसणारा मातीत खत घालायला धजेल. आणि सोडताना सुधारलेल्या मातीची भरपाई मिळेल असं एक कलम त्यात घालावं. पॅरिसच्या माळ्यांना ते मिळत होतं. खंडाची रक्कम यादीतल्या आकड्यांपुढे हास्यास्पद दिसेल, पण ती दरवर्षी हातात पडेल, आणि जमीन उद्या वेगळ्या कामाला लागली तर मोकळीही मिळेल.